एकेचाळीस जबड्यांची चोरी

१

बुधवारी संध्याकाळी कवळ्यांच्या कारखान्यातून एकेचाळीस जबडे नाहीसे झाले आणि गुरुवारी दुपारी बारा वाजता मालकांनी चोर जाहीर केला. शोधाबिधाच्या भानगडीत कोणी पडलं नाही. चोर समोरच बसला होता, उलट बोलायची त्याला सवय नव्हती आणि त्याच्या बाजूनं कोणी उभं राहील अशी भीती नव्हती. आणखी काय लागतं?

चोर म्हणजे स्कॅनवाली. दातांच्या डॉक्टरांकडून प्लॅस्टरचे साचे यायचे. ती एकेक साचा मशीनमध्ये ठेवायची, त्याचं स्कॅन करायची आणि ते 'जबडे' नावाच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकायची. हे फोल्डर राहायचं मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर. पलीकडच्या खोलीतला डिझाइनवाला ते आपल्या मशीनवरून उघडायचा आणि कवळीचा आराखडा काढायचा. स्कॅन झालं की साचा फोडून टाकायची कारखान्याची पद्धत होती, कारण साचे ठेवायच्या जागेत मालकांनी जावयासाठी केबिन बांधली होती.

सोमवार ते बुधवार आपण एकेचाळीस साचे स्कॅन केले, असं स्कॅनवाली सांगत होती. फोल्डरमध्ये एकही नव्हतं. साचे फुटून कचऱ्यात गेले होते. आणि ज्यांचे ते जबडे, ती एकेचाळीस माणसं उरलेसुरले दात काढून घरी पातळ खिमट पीत बसली होती आणि फोनवर शिव्या घालत होती. दातांशिवाय घातलेल्या शिव्या नीट पोचत नाहीत, म्हणून मालकांचा रक्तदाब त्यातल्या त्यात ताब्यात होता.

मालकांनी सगळ्यांना गोळा करून निकाल दिला. बाईंनी तीन दिवस काम केलंच नाही, साचे फोडून पुरावा मिटवला, ही कामाची चोरी आहे. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत लेखी कबुली द्यायची आणि निघायचं. नाहीतर ते गावातल्या प्रत्येक डॉक्टराला नावानिशी कळवणार होते, म्हणजे या धंद्यात परत कुणी तिला दारात उभं केलं नसतं.

त्या संध्याकाळी स्कॅनवालीनं दोन वर्षांत न केलेली गोष्ट केली. जिना चढून वरच्या मजल्यावर गेली आणि थोरल्या जावेचं दार वाजवलं.

२

थोरली पाणीपुरवठा खात्यात सर्व्हर सांभाळायची. एकोणीस वर्षं. अख्ख्या शहराच्या नळाचा हिशोब तिच्या हाताखाली होता आणि अख्ख्या शहराचा राग तिच्या नाकावर. खात्यातले लोक तिच्या टेबलाजवळून चप्पल न वाजवता जायचे. धाकटीशी तिनं बोलणं टाकलं होतं ते एका कपाटाच्या किल्लीवरून. किल्ली कधीच सापडली होती, पण राग परत करायला कोणी आलं नव्हतं.

"काय?" दार उघडून थोरली म्हणाली.

"जाऊबाई, मी नाही केलं."

"काय नाही केलंस ते नीट सांग. तू न केलेल्या कामांची माझ्याकडे मोठी यादी आहे."

धाकटीनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. थोरली दाराला टेकून ऐकत होती. आधी ती धाकटीवर चिडली, इतकं होईपर्यंत गप्प का बसलीस म्हणून. मग मालकांवर चिडली. मग सर्व्हर कोण बघतं असं विचारलं, तर मालकांचे जावई बघतात असं उत्तर आलं. जावयाचं शिक्षण कशात झालंय? धाकटीला वाटत होतं, हॉटेल चालवण्यात. तेव्हा मात्र थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उद्या दोनला येते," ती म्हणाली. "तुझ्यासाठी नाही हं. सर्व्हरसाठी."

धाकटी दोन पायऱ्या उतरली आणि वळली. एक सांगायचं राहिलं होतं. जावईबापूंच्या मते स्कॅनच्या मशीनमध्ये व्हायरस होता. उद्या पाच वाजता ते मशीन संपूर्ण पुसून नव्यानं बसवणार होते.

३

शुक्रवारी दोनला थोरली कारखान्यात शिरली ती मालकांच्या खोलीत न थांबता थेट मागच्या खोलीत. मालक मागून धावत आले. त्यांनी आधी आक्षेप घेतला, मग पाणीपुरवठा खातं हे शब्द ऐकले, मग कारखान्याच्या नळाचं जुनं प्रकरण आठवलं आणि म्हणाले, बघा की मॅडम, पाचपर्यंत बघा.

सर्व्हर एका लाकडी स्टुलावर होता आणि त्याच्यावर कोणीतरी छत्र्या वाळत घातल्या होत्या. जावईबापू हसतमुख होते. सासऱ्यांनी त्यांना मुलगी दिली, केबिन दिली आणि सर्व्हर दिला. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी नीट सांभाळल्या होत्या. त्यांनी सर्व्हरची नोंदवही छापूनच ठेवली होती: सोमवार ते बुधवार स्कॅनच्या मशीनकडून एकही फाइल आलेली नाही. कागद थोरलीच्या हातात देताना ते जड आवाजात म्हणाले की त्यांनाही वाईट वाटतं, घरच्यासारख्या होत्या बाई.

थोरलीनं छत्र्या खाली टाकल्या आणि कीबोर्ड ओढला. फोल्डर कुणाकुणाला वाटायचं याची एक यादी सर्व्हरवर असते. त्यात एकेका मशीनचं नाव लिहायचं, कोण नुसतं वाचणार आणि कोण लिहिणार, पुसणार ते ठरवायचं. यादी तिनं उघडली. तिथं एकाही मशीनचं नाव नव्हतं. एक चांदणी होती, ताऱ्याची खूण. चांदणी म्हणजे कोणीही यावं. पुढे लिहिलं होतं, वाचा, लिहा, पुसा.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

जावईबापू म्हणाले की नावं लिहीत बसलं तर प्रत्येक नव्या मशीनला परत लिहावं लागतं, चांदणीनं काम सुटसुटीत होतं.

"सुटसुटीत," थोरली म्हणाली. तिनं तो शब्द असा उच्चारला की जावईबापूंना केबिनमध्ये एक तातडीची मीटिंग आठवली.

इमारतीतल्या सगळ्या दुकानांचं नेटवर्क एकच होतं. थोरली जिन्यासमोरच्या चष्म्याच्या दुकानात गेली आणि तिथल्या मशीनवर 'जबडे' उघडायला सांगितलं. चष्मेवाल्यानं सहज उघडलं. तो रोजच उघडायचा. त्याला ते इमारतीचं सार्वजनिक फोल्डर वाटत होतं, जिन्यातल्या दिव्यासारखं. त्यात त्यानं आपली गाणी ठेवली होती. मधेमधे कुणाच्या तरी बत्तीशीचे फोटो येतात, म्हणाला, ते आम्ही बाजूला सरकवतो.

थोरली जिन्यात उभी राहिली. संशयित किती, तर चार मजले.

४

ती परत आली आणि सर्व्हरची दुसरी नोंद काढली. रोज संध्याकाळी डिस्कवर किती जागा भरली ते सर्व्हर आपसूक लिहून ठेवत होता. ते जावईबापूंनी सांगितलेलं नव्हतं, म्हणून बरोबर चालू होतं. शनिवारचा आकडा, सोमवारचा, मंगळवारचा, बुधवारचा. एका जबड्याचं स्कॅन चांगलंच वजनदार. एकेचाळीस आले असते आणि नंतर कुणी पुसले असते, तर आकडा निदान सोमवारी आणि मंगळवारी वर चढलेला दिसला असता. चारही आकडे सारखे होते.

म्हणजे चष्मेवाला सुटला. चारही मजले सुटले. सर्व्हरवरून कुणी काही नेलंच नव्हतं, कारण तिथं काही आलंच नव्हतं.

मालकांनी तिच्या खांद्यावरून वाचलं आणि टाळी वाजवली. "मी तेच म्हणतोय ना मॅडम. आलेच नाहीत. बाईंनी केलेच नाहीत."

दारात धाकटी उभी होती. तिच्या एकुलत्या एका वकिलानं आत्ताच फिर्यादीची बाजू भक्कम केली होती. पावणेचार झाले होते.

५

थोरली मशीन सोडून माणसांकडे वळली. तिला माणसं आवडत नसत. त्यांना नोंदवही नसते.

डिझाइनवाल्याला कारखान्यात अक्कलदाढ म्हणत, कारण तो उशिरा उगवायचा आणि सगळ्यांना त्रास द्यायचा. तो पाय पसरून बसला होता. त्यानं सांगितलं की सोमवारी, मंगळवारी तो मागच्या आठवड्याचे आराखडे संपवत होता, त्यामुळे नवीन जबडे त्यानं बुधवारी संध्याकाळी पहिल्यांदा शोधले. फोल्डर उघडलं, त्यात नवीन एकही जबडा नाही. त्यानं हाक मारली. स्कॅनवाली तिच्या खोलीतून ओरडली, आहेत की, मला दिसतायत. तो ओरडला, नाहीत. असं पाच मिनिटं चाललं. मग जावईबापू आले आणि त्यांनी आपला एकमेव उपाय केला, म्हणजे स्कॅनचं मशीन बंद करून परत चालू केलं. त्यानंतर तिलाही दिसेनात.

"मग तोंड पडलं बाईंचं," अक्कलदाढ म्हणाला. "आदल्या मिनिटाला आहेत म्हणत होत्या."

थोरलीनं त्याला विचारलं, सोमवारची सकाळ कशी गेली?

कशी जाणार? रविवारी तारांच्या कामासाठी इमारतीची वीज बंद होती. सोमवारी सगळी मशीनं एकदम सुरू केली. त्याचं मशीन वीस मिनिटं अडून बसलं होतं, सर्व्हरची वाट बघत. सर्व्हर म्हातारा आहे, उठल्यावर आधी सगळी हाडं मोजतो. अक्कलदाढीनं तेवढ्यात तीन चहा प्यायले होते.

"आणि स्कॅनचं मशीन?"

ते लगेच सुरू झालं होतं. त्यावरून मालकांनी त्याला टोमणाही मारला होता, बघ, बाई कामाला लागल्यासुद्धा.

थोरलीच्या कपाळावरची शीर किंचित हलली. 

साचे फोडायचं काम पॉलिशकाकांचं. ते तेहेतीस वर्षं कवळ्या घासत होते आणि स्वतःची कवळी खिशात ठेवत होते. साचा ते कधीच आपल्या मनानं फोडत नसत. आधी स्कॅनवालीच्या पडद्यावर तो जबडा डोळ्यांनी बघायचे, मगच हातोडी. एकेचाळीसही बघितले होते. एका जबड्याला समोर एकच दात होता, तिरपा, रुसून बसल्यासारखा. तो त्यांनी मंगळवारी फिरवून फिरवून बघितला होता.

"हे तुम्ही मालकांना सांगितलं?"

काकांनी खिशातून कवळी काढली, बसवली आणि मग उत्तर दिलं. "सांगितलं. ते म्हणाले, काका, तुमचं वय झालं."

शेवटी धाकटी. तिला आठवेल ते सगळं सांगायला लावलं. ती घाबरून काहीही सांगत सुटली, आणि त्या काहीहीमध्ये दोन गोष्टी निघाल्या. एक, त्या तीन दिवसांत जबडे फार झटपट सेव्ह होत होते. एरवी एका जबड्याला ती पाण्याची बाटली भरून यायची, या वेळी बोट उचलेपर्यंत काम व्हायचं. तिला वाटलं होतं जावईबापूंनी काहीतरी सुधारणा केली असेल. दुसरी म्हणजे गुरुवारपासून मशीन सारखं कुरकुरत होतं की आता माझ्यात जागा उरलेली नाही. जावईबापू त्यालाच व्हायरस म्हणत होते.

"जावईबापूंनी सुधारणा केली," थोरली म्हणाली, "असं तुला वाटलं?"

"हो."

"आणि तुझ्या मनात शंका आली नाही?"

साडेचार झाले होते. थोरली उठली, स्कॅनच्या मशीनसमोर जाऊन बसली आणि मालकांना बोलवा म्हणाली.

६

सगळे जमले. जावईबापू तेवढे केबिनमध्ये होते, दार लावून, अजून मीटिंगमध्ये.

"तुमचा धंदा कवळीचा आहे, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते," थोरली म्हणाली. आवाज तिनं खाली ठेवला होता, आणि खात्यातल्या कुणी तो ऐकला असता तर खिडकीतून उडी टाकली असती. "या मशीनवर 'जबडे' नावाचं एक फोल्डर आहे. ते स्वतः रिकामं. बोळकं तोंड समजा. मशीन सुरू होताना सर्व्हरवरचं फोल्डर आणून त्याच्यावर बसवलं जातं. आमच्यात त्याला माउंट करणं म्हणतात. एकदा कवळी बसली की बघणाऱ्याला कवळीच दिसते, खालची हिरडी दिसत नाही. बरोबर?"

पॉलिशकाकांनी मान हलवली. मालकांनी काकांकडे बघून हलवली.

सोमवारी सर्व्हर वीस मिनिटं उठलाच नव्हता. अक्कलदाढीचं मशीन वाट बघत बसलं, कारण त्याच्या सेटिंगमध्ये तसं लिहिलंय. स्कॅनच्या मशीनच्या सेटिंगमध्ये मात्र लिहिलं होतं की सर्व्हर नसेल तर थांबू नकोस, कुणाला सांगूही नकोस, गपचूप पुढे जा. ते कुणी लिहिलं? मालक स्वतःच म्हणाले की मशीन उशिरा सुरू होतं अशी त्यांनी जावईबापूंकडे तक्रार केली होती, आणि दुसऱ्याच दिवसापासून ते चटकन सुरू व्हायला लागलं.

"म्हणजे सोमवारी कवळी बसलीच नाही," थोरली म्हणाली. "ही तीन दिवस बोळक्या तोंडात एकेक जबडा ठेवत गेली. नाव तेच, 'जबडे'. हिला दिसत होते, कारण होतेच, याच मशीनमध्ये. झटपट सेव्ह होत होते, कारण कुठे जातच नव्हते. त्याला दिसत नव्हते, कारण तो सर्व्हरवर बघत होता. दोघंही खरं बोलत होते. मग बुधवारी जावईबापूंनी मशीन बंद करून चालू केलं. एव्हाना सर्व्हर जागा होता. कवळी बसली. एकेचाळीस घास खाली अडकले, म्हणूनच मशीन जागा नाही म्हणून कुरकुरतंय."

 मालकांनी विचारलं, ते अजून तिथंच आहेत का.

"कवळी काढून बघू."

त्यासाठी मशीनच्या मुख्य खात्याचा पासवर्ड लागत होता. तो मालकांना ठाऊक होता, मुलीच्या लग्नाची तारीख. त्यांनी छाती काढून टाइप केला. चुकला. परत केला. परत चुकला. पॉलिशकाका मागून हळूच म्हणाले, मालक, लग्न सतरा तारखेला होतं, सोळाला तुम्ही फुलवाल्याशी भांडत होतात.

सतरानं दार उघडलं. थोरलीनं सर्व्हरचं फोल्डर उतरवायचा हुकूम दिला.

मशीननं नकार दिला. फोल्डर वापरात आहे, असं उत्तर आलं.

धाकटीनं स्कॅनचा प्रोग्रॅम बंद केला. तरी तेच. कोणीतरी त्या फोल्डरमध्ये ठाण मांडून बसलं होतं. कोण, ते मशीनला विचारायची सोय असते. थोरलीनं विचारलं. पडद्यावर एकच नाव आलं, आणि ते वाचून मालक एकदम खुर्चीवर बसले.

जावईबापू. केबिनमधल्या मशीनवरून इथं शिरलेले. गुरुवार सकाळपासून.

७

थोरलीनं त्यांना तिथून हुसकावलं. माणसाला नाही, त्यांच्या खात्याला. माणसासाठी केबिनच्या दाराकडे बघायचीसुद्धा गरज पडली नाही, पडद्यावरून हाकलले गेल्याबरोबर जावईबापू आपसूक बाहेर आले, नेट गेलं का विचारत.

कवळी उतरली. खाली एकेचाळीस जबडे होते. मधल्या ओळीत तिसरा, समोर एकच दात, तिरपा. धाकटीनं तोंडावर हात ठेवला.

जावईबापू लगेच म्हणाले, अरे वा, सापडले का, तांत्रिक गोष्ट होती तर. मालकही हसायच्या बेतात आले. प्रकरण मिटत होतं. थोरलीनं ते मिटू दिलं नाही. मुख्य खात्याच्या अधिकारानं दिलेला प्रत्येक हुकूम मशीन वेळेसकट लिहून ठेवतं. तिनं जावईबापूंच्या नावाचं गुरुवारचं पान उघडलं आणि मालकांना मोठ्यानं वाचायला सांगितलं.

अकरा वाजून वीस मिनिटं, फोल्डर उतरवलं. अकरा एकवीस, आतल्या फाइलींची यादी बघितली. अकरा तेवीस, फोल्डर परत वर बसवलं.

"उचललं, बघितलं, परत झाकलं," थोरली म्हणाली. "एकेचाळीसच्या एकेचाळीस नावं यांच्या डोळ्यांसमोर होती. बाराला तुम्ही सगळ्यांसमोर हिला चोर म्हणालात, तेव्हा हे तुमच्या शेजारी उभे होते. आज हातात कागद देताना घरच्यासारख्या होत्या म्हणाले. पाच वाजता हे मशीन पुसलं जाणार होतं. जावईबापू, सांगा सासऱ्यांना, कशासाठी."

जावईबापूंनी आधी म्हटलं की पुसायच्या आधी ते सगळं दुसरीकडे काढून ठेवणार होते. कुठे, असं थोरलीनं विचारलं. त्यांना जागा सुचेना. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, मागचा माणूस निघून गेल्यासारखं.

"चूक माझ्या सेटिंगची निघाली असती," ते शेवटी म्हणाले. "सासरे काय म्हणाले असते?"

"रागावले असते," थोरली म्हणाली. आता मात्र तिचा आवाज चढला, चष्म्याच्या दुकानापर्यंत गेला. "एक दिवस. चला, दोन दिवस रागावले असते. जेवायला बसताना बोलले नसते. तेवढं चुकवायला तुम्ही हिची भाकरी पुसायला निघालात? चूक सगळ्यांच्या हातून होते, माझ्या हातून एकदा अर्ध्या शहराचं पाणी गेलंय. मी त्याच तासाला जाऊन सांगितलं. तुम्हाला दोन वाक्यं सांगायची होती हो. दोन."

मालक उठले. त्यांनी धाकटीला सांगितलं की झालं ते झालं, बाईंनी मनाला लावून घेऊ नये, कबुलीबिबुली काही नको, सोमवारपासून नेहमीसारखं यावं. डॉक्टरांना तांत्रिक बिघाड असं कळवू. घरातली गोष्ट घरात राहील.

थोरलीनं तोंड उघडलं, पण धाकटीनं तिच्या दंडावर हात ठेवला. दोन दिवस खाली बघून बोलणारी ती बाई सरळ मालकांसमोर जाऊन उभी राहिली.

"मालक, काल तुम्ही मला सगळ्यांसमोर चोर म्हणालात. आज सगळ्यांसमोर सांगा, जबडे कुणी लपवले. तेवढ्याच मोठ्यानं."

मालकांनी जावयाकडे बघितलं, जावयानं छताकडे. कुणीच जागचं हललं नाही. फक्त पॉलिशकाका आपल्या टेबलाशी गेले आणि त्यांनी घासायचं मशीन चालू केलं. त्याची घरघर खोलीभर पसरली.

मालक काहीतरी पुटपुटले.

"ऐकू आलं नाही," धाकटी म्हणाली.

मालकांनी काकांना मशीन बंद करायची खूण केली. काकांनी कानामागे हात धरला, मान हलवली आणि एक कवळी घासायला घेतली. मालकांनी परत सांगितलं, या वेळी जरा मोठ्यानं. अक्कलदाढ म्हणाला, इकडे कोपऱ्यात काही पोचत नाही.

तिसऱ्या वेळी मालकांच्या मानेच्या शिरा फुगल्या. माझ्या जावयानं लपवले, बाईंनी सगळं काम केलं होतं, असं ते गरजले, आणि समोरच्या दुकानात चष्मा लावून बघणाऱ्या एका गिऱ्हाइकानं दचकून दार उघडलं.

"आता आलं," धाकटी म्हणाली, आणि खुर्ची ओढून पहिला जबडा सर्व्हरवर पाठवायला बसली.